र आणि व यांच्यातलं अंतर

माझ्या मार्गदर्शक बाई कमी बोलायच्या, पण जे बोलायच्या ते अंबरनाथला घरी येईपर्यंत टोचत राहायचं. पीएच.डी.च्या सहाव्या वर्षी, दिवाळी नुकतीच संपली होती तेव्हा, त्यांनी माझी चार प्रकरणं टेबलावर ठेवली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "दोनशे पानं तू दुसऱ्यांनी पकडलेल्या चुकांवर लिहिली आहेस. स्वतः एक तरी पकडली आहेस का?"

मी म्हटलं, "बाई, माझा विषय इतिहासाचा आहे."

"पोहण्याचा इतिहास लिहिणाऱ्यानं एकदा तरी पाण्यात उतरावं. पाचवं प्रकरण तुझं स्वतःचं हवं. त्याशिवाय मी सही करणार नाही."

मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती आणि तीही मार्चअखेर संपत होती. सही नाही म्हणजे प्रबंध नाही, प्रबंध नाही म्हणजे नोंदणी रद्द आणि सहा वर्षं पाण्यात. मला संताप आला. मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे वागले त्याचं कुणाला आश्चर्य वाटायला नको.

भाषाशास्त्र हे 'शास्त्र' कसं झालं, हा माझा विषय. जुन्या पोथ्या समोर मांडून त्यातला मूळ शब्द कोणता हे ठरवणारे पंडित पूर्वीही होते, पण ते बरेचदा जिभेच्या चवीवर ठरवायचे. हा शब्द गोड लागतो, म्हणून हाच खरा. मग एकोणिसाव्या शतकात आधी युरोपात आणि मागोमाग आपल्याकडे असे लोक आले, जे म्हणाले, चव राहू द्या, पुरावा दाखवा. चवीकडून पुराव्याकडे झालेला हा प्रवास मी लिहीत होते. त्यातला सगळ्यात देखणा नियम असा, की दोन पोथ्यांत बरोबर शब्द सारखा असला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. चूक सारखी असली, तर त्या दोघी एका घरच्या.

हा नियम शिकवायला मला जर्मनीतले प्राध्यापक लागत नव्हते. मी उल्हासनगरला ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायचे. 'उदय'चा विरुद्धार्थी शब्द लिहा, असं विचारलं आणि दोन पोरांनी 'अस्त' लिहिलं, तर दोघं हुशार आहेत की एक हुशार आणि एक लांब मानेचा आहे, हे कळायला मार्ग नसतो. पण दोघांनीही 'विजय' लिहिलं, की समजायचं. फक्त कुणी कुणाचं पाहिलं, एवढंच शोधायचं उरतं.

घरी आम्ही दोघीच होतो, मी आणि आई. वडील मी शाळेत असतानाच गेले. आई एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात पॅकिंगला होती, तिथून निवृत्त झालेली. लहानपणी शाळा तिच्या वाट्याला आली नव्हती. लिहायला-वाचायला ती मी दोन-तीन वर्षांची असताना शिकली, आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी बायकांचा वर्ग चालायचा तिथं. त्यामुळे माझ्या पीएच.डी.चा तिला माझ्याहून जास्त अभिमान. शेजारच्या काकूंना ती सांगायची, "माझी पोरगी चुका शोधायचं शिकते." त्यावर काकू म्हणाल्या होत्या, "त्यात काय, माझी सासू न शिकता शोधते."

डिसेंबरमधल्या एका रविवारी आम्हाला बदलापूरजवळ सोनिवलीला जायचं होतं. आईसोबत त्या वर्गात शिकलेली एक मैत्रीण होती, तिला मी मावशी म्हणते. तिच्या मुलानं तिथल्या नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला होता, त्याचा गृहप्रवेश होता. लिफ्ट अजून बसायची होती, त्यामुळे गुडघे धरत, एकमेकींना नावं ठेवत वर्गातल्या सगळ्याजणी तिसऱ्या मजल्यावर पोहोचल्या. रंगाचा वास, खिडकीतून मोकळी शेतं, आणि त्यात उभे राहिलेले दुसऱ्या बिल्डिंगचे खांब. 'जय भीम, जय भीम' करत बायका जमिनीवर सतरंजीवर बसल्या. वंदना झाली, खीर झाली आणि मग कुणीतरी म्हणालं, "आता आपलं गाणं घ्या."

आपलं गाणं म्हणजे त्या वर्गाचं गाणं. वर्ग चालवणारे गुरुजी मुळात कारखान्यातले फिटर. त्यांनीच ते बायकांसाठी रचलं होतं आणि आठवड्याभरात स्वतः गाव सोडून गेले. गाणं कधी छापलं गेलं नाही. बायकांच्या वह्यांतून ते अंबरनाथहून उल्हासनगरला गेलं, बदलापूरला गेलं, जिथं जिथं त्या घरं बदलत गेल्या तिथं गेलं. बारसं असो की गृहप्रवेश, ते म्हणायचंच. मावशीनं तिची वही माझ्या हातात दिली. "तू शिकलेली. कुणी अडलं तर ओळ सांग."

मी ओळीवर बोट ठेवून बसले. टाळ्या सुरू झाल्या.

अक्षर पाहुणं आलं घरा,
घरचा अंधारखाना झाला.

ही ओळ मी बोबडं बोलत असल्यापासून ऐकत आले होते. तिला काही अर्थ असतो, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा ती लिहिलेली पाहिली आणि बोट तिथंच थांबलं. अक्षर घरात आल्यावर अंधार जायला हवा. इथं तर घराचाच अंधारखाना झाला होता. आणि तो झाल्याच्या आनंदात पंधरा बायका टाळ्या वाजवत होत्या.

गाणं संपल्यावर मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, "अगं, ते आधीचं सांगितलंय. शिकायच्या आधी अंधारखाना व्हता."

"पण आधी पाहुणं आलंय, मग अंधारखाना झालाय."

"अंधारखाना म्हंजी फोटू धुवायची खोली," दुसरीनं समजूत काढली. "अंधारातच फोटू उमटतो. तसं अक्षर उमटलं."

मावशीची सून उल्हासनगरची. ती लाजत म्हणाली, "मला तर वाटायचं, अंधार झाला, खाना झाला. म्हणजे जेवणंबिवणं उरकली, आता अभ्यासाला बसा."

सगळ्या खो खो हसल्या. मी हसले नाही, मी पुन्हा ती ओळ वाचत होते. आईही हसली नाही. ती उठून खिरीची पातेली आवरायला गेली होती.

घरी येताना रिक्षात मी तळहातावर बोटानं तो शब्द गिरवत होते. हातानं लिहिताना र आणि व एकमेकांना चिकटले की ख दिसतो. म्हणून तर छापखान्यांनी पुढे ख चे दोन्ही पाय खाली जोडून घेतले. म्हणजे मूळ शब्द होता रवाना. घरचा अंधार रवाना झाला. कुणीतरी र आणि व यांच्यातलं अंतर चुकलं होतं, आणि अंधार पंचवीस-तीस वर्षं आमच्या बायकांच्या घरी मुक्कामाला राहिला होता.

बाईंना सांगितलं. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे चष्म्यावरून नाही, चष्म्यातून पाहिलं. म्हणाल्या, "वह्या गोळा कर. सगळ्या."

पुढचे दोन महिने मी सुट्टीच्या दिवशी फक्त वह्या गोळा केल्या. अंबरनाथ पूर्वेला चार मिळाल्या, उल्हासनगरला दोन, सोनिवलीची मावशीची, आणि कुळगावात दोन. तेलाचे डाग पडलेल्या, पाठीमागच्या पानावर दुधाचा हिशेब असलेल्या, एकीत तर गाण्याच्या खाली नातवानं मोटार काढलेली. नवापैकी आठ वह्यांत 'खाना' होतं. कुळगावच्या एकीत होतं, 'घरचा अंधार खाली झाला.' त्या आजीबाईंना विचारलं तर त्या ठसक्यात म्हणाल्या, "मला ते खाना पटंना. मी सुधारलं." माझ्या तिसऱ्या प्रकरणातले मोठमोठे पंडित पोथीला हेच करायचे, फक्त त्यांना त्याबद्दल पदव्या मिळायच्या. आजीबाईंची सुधारणाही खा पासूनच सुरू होत होती, म्हणजे त्यांच्याही समोर 'खाना'च होतं.

प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचा, तुम्ही कुणाच्या वहीवरून उतरवलं? कुणी म्हणायचं जावेच्या, कुणी म्हणायचं शेजारणीच्या. त्या जावेकडे, त्या शेजारणीकडे जायचं. कागदावर मी रेघा ओढत होते, वंशावळ काढतात तशा, आणि सगळ्या रेघा हळूहळू एकीकडे सरकत होत्या. शेवटी मावशीनंच तोंडावर सांगितलं, "काखेत कळसा अन गावाला वळसा गं तुझा! तुझ्या आईच्या वहीवरनं उतरवलं आम्ही समद्यांनी. आमच्यात तिलाच आधी लिहाया आलं. तिचं अक्षर म्हंजी मोती."

मी घरी आले ती जवळजवळ धावतच. आई ओट्यापाशी होती.

"आई, तुझी गाण्याची वही कुठंय?"

"कुठली?"

"वर्गातली."

"ती कुठं आता. उंदरांनी खाल्ली."

चार दिवसांनी विचारलं तर ती जुन्या खोलीत राहिली होती. आठवड्यानं विचारलं तर रद्दीत गेली होती. एकाच वहीचं इतक्या प्रकारे काही होत नाही, एवढं मला कळत होतं. तेव्हाच आणखी एक गोष्ट आठवली. समारंभात आई टाळी धरायची, पण ती ओळ आली की तिला हमखास खोकला यायचा किंवा पदर सावरायचा असायचा.

फेब्रुवारी लागला. बाई म्हणाल्या, "नऊ प्रती आहेत, त्यांची आई नाही. मूळ प्रत आण, नाहीतर हे प्रकरण अंदाजपंचे राहील."

आणि मी ते बोलले, जे बोलायला नको होतं. आई वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर ती रेघांची वंशावळ पसरली आणि वर्गात शिकवते तशा आवाजात म्हणाले, "हे बघ, नऊ जणींच्या वह्यांत एकच चूक आहे. म्हणजे ती तुझ्याच वहीत सुरू झाली. कळलंय मला. त्यात लाजायचं काय आहे? तू नुकतीच लिहायला शिकली होतीस. चुकणारच."

तिनं माझ्याकडे पाहिलं. हातातली शेंग तशीच परातीत ठेवली आणि उठून आत गेली.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढून ठेवायची आणि शेजारी जाऊन बसायची. मीही आधी दारं आपटली, भांडी आपटली. दुसऱ्या दिवशी कॉलेजात मुलांना निबंध लिहायला देऊन खिडकीशी उभी होते, तेव्हा मला माझा आवाज ऐकू आला. 'चुकणारच.' सहा वर्षं मी ज्या पंडितांना नावं ठेवत होते, ते पोथी उतरवणाऱ्या माणसाबद्दल नेमकं असंच लिहायचे. अडाणी लेखकू, त्याला काय कळणार. माझी मलाच लाज वाटली. घरी जाऊन माफी मागायची, असं ठरवलं. वही गेली खड्ड्यात.

मी घरी पोहोचले तर वही चटईवर होती. तपकिरी पुठ्ठ्याची, लांबट, कडा मऊ झालेल्या. आई भिंतीला टेकून बसली होती.

"आई, मी..."

"आधी वाच," ती म्हणाली.

मी पान उघडलं. अक्षर खरंच मोत्यासारखं होतं, थोडं दाबून लिहिलेलं. बोट ओळीवर नेलं. "घरचा अंधारखाना..."

"नीट वाच. शास्त्र शिकलीस ना?"

मी वही खिडकीपाशी नेली. आणि मग दिसलं. र ची शेपटी खाली उतरून संपली होती, आणि व चं पोट तिच्यापासून केसभर लांब सुरू होत होतं. केसभरच, पण लांब. पुढच्या पानावर 'खिडकी' होतं, 'खडू' होतं. तिथं प्रत्येक ख चे पाय तिनं खाली गाठ मारल्यासारखे जोडले होते. या एका शब्दात गाठ नव्हती. माझ्या आईनं रवानाच लिहिलं होतं. तिनं बरोबर ऐकलं होतं, बरोबर लिहिलं होतं. चुकलं होतं ते बाकी सगळ्यांचं वाचन, आणि त्या सगळ्यांत आता दोनशे पानं लिहिलेली मी पण होते.

मग तिनं सांगितलं. गुरुजींनी गाणं म्हटलं त्या संध्याकाळी नळाला पाणी यायची वेळ झाली होती, म्हणून बाकीच्या हंडे घेऊन पळाल्या. आमचा नळ दाराशीच, म्हणून आई थांबली. गुरुजींनी दोनदा म्हटलं, तिनं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून बायका तिच्या वहीवरून उतरवायला लागल्या. पंधरा दिवसांनी कुणाच्या तरी बारशाला सगळ्यांनी मिळून ते म्हटलं, आणि आईला पहिल्यांदा 'अंधारखाना' ऐकू आलं.

"मग तेव्हाच सांगितलं का नाहीस?"

"राहून गेलं," ती म्हणाली आणि शेंगांची परात पुढे ओढली. मी जास्त विचारलं नाही.

मी तिला सॉरी म्हटलं, तर ती म्हणाली, "शेंगा सोल." सोलता सोलता मी तिला सांगितलं, की जुने पोथी लिहिणारे लोक शेवटी एक विनंती करून ठेवायचे, समोर जसं दिसलं तसं लिहिलंय, काही चुकलं असलं तर आम्हाला दोष देऊ नका. आईला ते फार आवडलं. "हे बरंय. आधीच हात वर करून ठेवायचे."

वही वापरायला तिनं परवानगी दिली, एका अटीवर. नाव घालायचं नाही. कुणाची वही, कुठल्या घरातली, काही कळता कामा नये. मी म्हटलं, प्रबंधात लेखिकांना अक्षरं देतात, तुला 'लेखिका क' म्हणते.

"क कशाला? ख घाल की."

"ख नको. ख वर माझा आता भरवसा राहिला नाही."

त्यावर ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून मलाही हसू आवरेना.

पाचवं प्रकरण मी तीन आठवड्यांत लिहिलं. इतकं भराभर आणि इतकं खुशीत मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. बाईंनी ते वाचलं, दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले आणि सही केली. "उतरलीस पाण्यात," एवढंच म्हणाल्या.

टायपिंग उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका सिंधी काकांच्या डीटीपीच्या दुकानात चाललं होतं. लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या आणि माझा प्रबंध, सगळं एकाच कॉम्प्युटरवर. काका मनापासून काम करायचे आणि मराठी त्यांना चांगली यायची, निदान पत्रिकांपुरती. मुदत संपायला दोन दिवस असताना मी बांधून आलेल्या प्रती घ्यायला गेले. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. पाचवं प्रकरण उघडून पहिलं वाक्य वाचलं आणि तिथल्या स्टुलावर बसले.

'मूळ शब्द खाना असून तो चुकून खाना असा वाचला गेला.'

"काका, हे काय केलंत?"

"क्या हुआ, मॅडम?" काका चष्मा सरकवत आले. "वो? अरे, आपने कुठं रवाना लिहिलं, कुठं खाना. चालीस-पचास जागी मिस्टेक होती. मैंने सब एक कर दिया. फाइंड-रिप्लेस. चार्ज पण नाही लावला."

मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं आणि त्यातून हसूच बाहेर पडलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मूळ शब्द पुसणाऱ्या लोकांबद्दलचं अख्खं प्रकरण, आणि ते बांधून व्हायच्या आत एक भला माणूस येऊन प्रेमानं पुसून गेला होता. मी काकांना सगळी गोष्ट सांगितली. ते गंभीर झाले, चहा मागवला आणि म्हणाले, "हमारी सिंधी में भी ऐसाच है, मॅडम. एक नुक्ता हिला, तो मतलब गया." मग आम्ही दोघांनी बसून शुद्धिपत्र तयार केलं, पान, ओळ, छापलेला शब्द, बरोबर शब्द, आणि ते प्रत्येक प्रतीच्या शेवटी चिकटवलं. त्याच दुपारी प्रबंध विद्यापीठात पोहोचला.

तोंडी परीक्षा पुढच्या वर्षी झाली. ती खुली असते, घरच्यांना बसता येतं. आई येते म्हणाली. निळ्या काठाची पांढरी साडी नेसून ती विभागातल्या खोलीत सगळ्यात मागच्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर बसली. मी तिला सांगून ठेवलं होतं, की क कोण हे कुणालाच ठाऊक नाही, बाईंनासुद्धा नाही.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, किडकिडीत, फार मऊ बोलणारे. तासभर त्यांनी मला युरोपातून पुण्यात आणि पुण्यातून युरोपात फिरवलं. मी बरी उत्तरं दिली. शेवटी त्यांनी पाचवं प्रकरण काढलं.

"हे मला सगळ्यात आवडलं," ते म्हणाले. "लेखिका क चुकली नव्हती, हे तुम्ही तिच्या ख वरून दाखवता, ते पक्कं आहे. पण एक गोष्ट मला कळत नाही. ही बाई त्याच वस्तीत राहत होती. लोक चुकीचं म्हणताहेत, हे तिनं ऐकलं असणार, एकदा नाही, शंभरदा. तिच्या हातात बरोबर शब्द होता. मग ती गप्प का राहिली? तुमच्या प्रबंधाला शुद्धिपत्र आहे. तिच्या वहीला ते कधीच का मिळालं नाही? यावर तुम्ही एक ओळही लिहिलेली नाही."

मी बाईंकडे पाहिलं. त्या खाली कागदाकडे पाहत होत्या. अंदाज पुष्कळ करता आले असते, पण अंदाजाला शास्त्र म्हणत नाहीत, हेच सिद्ध करायला मी सात वर्षं घालवली होती.

"सर, त्याला माझ्याकडे पुरावा नाही," मी म्हटलं.

"हं." त्यांनी मान हलवली आणि पेनाचं टोपण काढलं. त्यांना काहीतरी नोंदवायचं होतं. उणीव म्हणूनच नोंदवणार, हे मला दिसत होतं.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"पुरावा आहे, सर," आई म्हणाली. "ती क म्हणजे मी."

खोलीतल्या सगळ्या माना मागे वळल्या. मी तिला डोळ्यांनी 'नको' म्हणत होते, पण ती माझ्याकडे पाहतच नव्हती. परीक्षक म्हणाले, "बसा ना, बसून सांगा." ती बसली नाही. पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"आमच्यात लिहायला पहिलं मला आलं, सर. सगळ्या माझ्याकडून उतरवून न्यायच्या. कुणाला पत्र लिहायचं, कुणाला रेशनचा फॉर्म भरायचा, माझ्याकडं यायच्या. त्याच्या आधी मला कुणी कशासाठी विचारलं नव्हतं. मी म्हटलं असतं, की माझं अक्षर तुम्हाला कळलं नाही, तर त्या म्हणाल्या असत्या, मग दुसरीला लिहू दे. वही गेली असती हातातनं. एक शब्द चुकीचा गेला तर गेला, असं वाटलं तेव्हा. मग वर्षं गेली, आणि मग सांगायला तोंडच राहिलं नाही."

"मग आज का सांगितलंत?"

"आज हिला पुरावा कमी पडत होता," आई म्हणाली.

मला समोरचं काही दिसेना. बाईंनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. परीक्षकांनी माझ्या प्रबंधाची त्यांची प्रत उघडली, शेवटचं शुद्धिपत्राचं पान काढलं आणि उभे राहून विचारलं, "बाई, तुमची हरकत नसेल तर इथं लेखिका क च्या पुढं तुमचं नाव लिहू?"

"लिहा," ती म्हणाली, आणि स्वतःचं, वडिलांचं नाही, नवऱ्याचं नाही, फक्त स्वतःचं नाव सांगितलं. सरांनी ते लिहिलं आणि पान तिच्या दिशेनं फिरवलं. ती रांगांमधून चालत पुढे आली, टेबलावर वाकली, चष्मा लावला आणि एकेक अक्षर वाचलं.

"सर," ती म्हणाली, "यातली वेलांटी दुसरी पाहिजे."

सरांनी सॉरी म्हटलं आणि दुरुस्त केलं.